खाडीचे घड्याळ आणि गुलाबी पाहुणे

मामाचे गाव म्हटले की आंबे, विहीर आणि बैलगाडी आठवते. माझ्या मामांचे गाव मात्र नवी मुंबईत आहे. त्याचे नाव बोनकोडे. चारी बाजूंना कोपरखैरण्याच्या इमारती आणि मध्ये जुने गावठाण. महाशिवरात्रीच्या सुटीत मी तिथे गेलो होतो. तेव्हा ठाणे खाडीतले रोहित पक्षी पाहिले. त्यांची माहिती या लेखात देत आहे. रोहित म्हणजेच फ्लेमिंगो. त्याला अग्निपंख असेही म्हणतात.

आजीची पाऊणकी

ऐरोलीला किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. तिथून खाडीत होडी जाते. मामांनी आधीच जागा राखून ठेवल्या होत्या. आदल्या रात्री मी विचारले, "मामा, पाणी कधी भरणार?" मामा मोबाईल शोधू लागले. तेवढ्यात आजी म्हणाली, "मोबाईल कशाला? तिथी बघ की!"

दुसऱ्या दिवशी माघ वद्य द्वादशी होती. आजीने बोटांवर हिशोब केला. "बाराची पाऊणपट नऊ. नऊच्या सुमाराला भरती."

नियम असा आहे. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचे. जो आकडा येईल, त्या वाजता आपल्या किनाऱ्यावर पूर्ण भरती असते. पुढे साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अष्टमीला गुणाकार सहा येतो, म्हणून भरती सहाला. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, तशी भरतीही रोज पुढे सरकते. पाऊण तास धरला की तोंडी हिशोब सोपा होतो. त्यात अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतोच. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला उधाण म्हणतात आणि अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला भांग म्हणतात.

होडीतून काय दिसले

सकाळी आम्ही बसने ऐरोलीला गेलो. घाई कसलीच नव्हती. नऊनंतर होडी निघाली. दोन्ही काठांना तिवरांची हिरवी भिंत होती. एका खांबावर पाणकावळा पंख वाळवत बसला होता. कुरव पक्षी होडीच्या मागे उडत येत होते. लाल पायांचे शेकाटे काठाने चालत होते.

पाणी उतरू लागले, तसा पलीकडच्या काठाला चिखल दिसू लागला. त्याच्या कडेला एक लांबलचक गुलाबी पट्टा होता. मला वाटले, कोणी कापड वाळत घातले आहे. होडीवाल्या काकांनी इंजिन बंद केले. मग तो पट्टा हलू लागला. शेकडो रोहित! काही उडाले, तेव्हा पंखांतला लाल आणि काळा रंग दिसला. अग्निपंख हे नाव कसे पडले, ते मला तेव्हा कळले.

पाहुण्यांची ओळख

इथे दोन जातींचे रोहित येतात. मोठा रोहित जवळजवळ आपल्या बाईंएवढा उंच होतो. त्याची चोच फिकट गुलाबी आणि टोकाला काळी असते. लहान रोहित साधारण तीन फूट उंच असतो आणि त्याची चोच गडद लाल असते. लहान रोहित मुख्यतः सूक्ष्म शेवाळ खातो. मोठा रोहित बारीक कोळंबीसारखे जीव आणि अळ्याही खातो. दोघेही चोच उलटी करून पाण्यात बुडवतात. जिभेने पाणी आत ओढतात आणि बाहेर टाकतात. चोचीत गाळणी असते, तिच्यात खाणे अडकते. आई चहा गाळते ना, तसेच. या खाण्यातल्या रंगद्रव्यामुळे ते गुलाबी होतात. पिल्ले मात्र राखाडी असतात.

रोहित कच्छच्या रणात चिखलाचे उंचवटे करून त्यावर एकच अंडे घालतात. इकडे ते हिवाळ्यात येतात आणि बरेचसे पावसाळ्याच्या तोंडाला परत जातात. १९९० नंतर ते ठाणे खाडीत मोठ्या संख्येने येऊ लागले. २०१५ साली इथे अभयारण्य झाले. २०२२ साली ठाणे खाडीला 'रामसर स्थळ' हा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. नांदूर मधमेश्वर आणि लोणार यांच्यानंतर महाराष्ट्रातले हे तिसरे स्थळ.

चिखल म्हणजे घाण नव्हे

घरी आल्यावर मी आजीला म्हणालो, "आजी, पक्षी छान, पण चिखल किती गं!" आजी हसली. "अरे, त्या चिखलानेच आम्हाला जगवलं. निवट्या, चिंबोऱ्या, खुबे, सगळं त्यातलंच. एका ओहोटीत माझी टोपली भरायची. आता निम्मी भरत नाही."

मग मला होडीतून पाहिलेले आठवले. तिवराची श्वासमुळे चिखलातून पेन्सिलींसारखी वर येतात आणि हवा घेतात. त्या मुळांत प्लास्टिकच्या पिशव्या अडकल्या होत्या. नाक दाबल्यावर आपले काय होते? झाडाचेही तसेच होते. तिवर गेले की माशांच्या पिल्लांचा आसरा जातो आणि काठही ढासळतो. शहराच्या सांडपाण्यामुळे शेवाळ वाढते, असे अभ्यासक सांगतात. पण म्हणून घाण चांगली नव्हे. ती फार वाढली, तर पाण्यातले जीव गुदमरतात.

मित्रांनो, आपल्या शाळेमागच्या ओढ्यात आपण काय टाकतो? खाऊचे कागद, पिशव्या. मीसुद्धा टाकत होतो. ओढा नदीला मिळतो आणि नदी खाडीला. आपला कागद कोणाच्या तरी ताटात जाऊन पडतो. आता मी कागद खिशात ठेवतो. पालकांनाही विनंती आहे, निर्माल्य पिशवीसकट पाण्यात सोडू नका.

करून पाहा

१. आजची तिथी कोणती? त्यावरून भरतीची वेळ काढा.
२. पंचमीला पूर्ण भरती किती वाजता येईल?
३. घरातल्या आजी-आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी येते का, ते विचारा आणि वहीत लिहून आणा.