अधिकाऱ्याच्या हाताखाली माणसे किती?

एका वरिष्ठाला किती कनिष्ठांच्या कामावर प्रत्यक्ष देखरेख ठेवता येईल, या मर्यादेस लोकप्रशासनात ‘नियंत्रण कक्षा’ असे म्हणतात. हाताखालची माणसे वाढली की साहेबाचे काम हलके होते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती कितपत खरी आहे, हे पाहू.

१९३३ साली व्ही. ए. ग्रेकुनास यांनी या प्रश्नाला गणिताचे रूप दिले. वरिष्ठाचा संबंध केवळ एकेका कनिष्ठाशी येत नाही. त्यांच्या गटांशी व आपसांतील व्यवहारांशीही येतो. असे सर्व संभाव्य संबंध मोजले असता चार कनिष्ठांमागे ४४, पाचांमागे १००, तर आठांमागे १०८० भरतात. म्हणजे चाराचे पाच झाले की माणूस एकच वाढतो. संबंध मात्र दुपटीहून अधिक होतात. म्हणूनच उर्विक यांनी पाच, फार तर सहा, ही मर्यादा सांगितली. परंतु त्यांची अट पुष्कळदा विसरली जाते. ज्यांची कामे एकमेकांत गुंतलेली आहेत, अशाच कनिष्ठांना ही मर्यादा लागू पडते.

आपल्याकडील एक उदाहरण घेऊ. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत एका मुख्यसेविकेकडे ग्रामीण भागात २५, शहरी भागात २० व आदिवासी भागात १७ अंगणवाड्या, असे प्रमाण ठरविण्यात आले. एका अंगणवाडीचे काम दुसरीवर अवलंबून नसते. म्हणून हा आकडा पंचविसापर्यंत जाऊ शकतो. विखुरलेल्या पाड्यांवर पायपीट वाढते. तेथे तो कमीच हवा. तथापि महिन्याचे कामाचे दिवस पंचवीस धरले, तर रोज एक भेट देऊनही बैठका व अहवाल यांसाठी एकही दिवस उरत नाही. त्यातच शेजारची जागा रिक्त राहून तिचा अतिरिक्त कार्यभार आला, की पंचविसाचे पन्नास होतात. मग भेट म्हणजे वहीवरची सही ठरते आणि एखाद्या बालकाचे घटलेले वजन नजरेतून निसटते.

मग संख्या सरसकट कमी करावी काय? हर्बर्ट सायमन यांनी १९४६ साली यातील अडचण दाखवून दिली. नियंत्रण कक्षा आखूड केली की पदसोपानातील पायऱ्या वाढतात आणि प्रत्येक पायरीवर कागद थांबतो.

तात्पर्य, सर्वांना लागू पडणारा एकच आकडा नाही. कामांची गुंतागुंत, अंतर आणि रिक्त पदे पाहूनच तो ठरविला पाहिजे. कारण अधिकाऱ्यावर पडलेल्या जादा भाराची किंमत अखेरीस त्याच्या दारी आलेल्या सामान्य माणसालाच मोजावी लागते.