माऊस बंद पडला तरी अर्ज वेळेत

ताईंनो, वर्डमध्ये एकच काम दोन-तीन प्रकारे करता येतं. ठराव ठळक करायचाय? आधी शब्द निवडा. मग वरच्या पट्टीतलं ‘बी’ बटण दाबा, नाहीतर कंट्रोल धरून बी दाबा. कॉपीसाठी माऊसच्या उजव्या बटणाने यादी उघडते. कंट्रोल-सी नेही तेच होतं.

गटाचा कर्जाचा अर्ज बँकेत द्यायच्या दिवशीच माझा माऊस बंद पडला. शिफ्ट धरून बाणाच्या कळीने शब्द निवडले, चुकलं तिथे कंट्रोल-झेड, शेवटी कंट्रोल-पी दाबून प्रिंट काढली. ऑल्ट दाबलं तर वरच्या पट्टीवर अक्षरं दिसतात, हवं ते दाबायचं.

बाकी विसरलात तरी कंट्रोल-एस पाठ करा. आमच्याकडे वीज कधी जाईल नेम नाही, मी दर दोन ओळींनी दाबते.