आजीच्या तेरवीनंतर

सानगडी, ता. साकोली, जि. भंडारा

चि. बाळ,


तुझं पत्र पोचलं. तेरवीच्या गर्दीत तू हे विचारलं नाहीस, ते बरं केलंस. मनात दाबूनही ठेवलं नाहीस, ते त्याहून बरं केलंस. ‘मामा, तुम्ही देव मानत नाही, आम्हाला लहानपणापासून प्रश्न विचारायला तुम्हीच शिकवलं; मग आजीसाठी मुंडन कसं केलंत, पिंड कसे ठेवलेत?’ असा तुझा सवाल आहे. पत्राच्या शेवटी आणखी एक गोष्ट तू दोन ओळींत उरकली आहेस. रात्री जाग येते, मेल्यावर काहीच नाही हा विचार येतो आणि मग झोप लागत नाही. दोन्हींवर लिहितो. पहिल्याचं उत्तर मला पक्कं ठाऊक आहे, म्हणून आधी तेच.

ते मरण तुझ्या आजीचं होतं. बाजेला खिळायच्या आधीच, चांगली शुद्धीत असताना, तिनं मला जवळ बसवून सांगितलं होतं, ‘तुया मनात काही असो, मुंडन-पिंड रीतीनं करजो, माही राख वैनगंगेत टाकजो, अन् तेरवीले शेजारपाजारचे जेवले पाहिजेत.’ मी हो म्हटलं. मेलेल्या माणसाला पिंड पोचत नाही, कावळा शिवला काय आणि न शिवला काय, तिला ते कळणार नाही, हे मी आजही तितक्याच ठामपणे म्हणतो. पण मी शब्द दिला तेव्हा ती जिवंत होती. शब्द ऐकून तिचा चेहरा सैल झाला होता, तो मी पाहिला. माझ्या मतासाठी तो शब्द मोडला असता, तर तो माझ्या नास्तिकपणाचा विजय झाला नसता. विश्वास टाकून गेलेल्या म्हातारीला मी फसवलं, इतकंच झालं असतं.

मात्र तिनं सांगितलं नव्हतं ते मी काही केलं नाही. कर्ज काढलं नाही, पंगतीचा बडेजाव केला नाही, दानाची लांब यादी पुढे आली तेव्हा हात जोडून नाही म्हटलं. आपल्या विदर्भात हे सांगायला नास्तिक असावं लागत नाही. गाडगेबाबा आयुष्यभर कीर्तनातून तेच सांगत फिरले, की ऋण काढून सण करू नका, मेलेल्यांच्या नावानं जिवंतांना बुडवू नका. त्यांच्या तरुण मुलाच्या मृत्यूची बातमी आली तेव्हा ते कीर्तनाला उभे होते, आणि त्यांनी कीर्तन थांबवलं नाही, असं सांगतात. ते मला जमलं नसतं, आणि तुलाही जमावं असं मी म्हणणार नाही. रडावं. आपल्याकडे बाया मयताच्या घरी गळ्यात पडून मोठ्यानं रडतात, त्याला शहरात गेलेली माणसं नाक मुरडतात. तू मुरडू नकोस.

सैल कुठे सोडायचं आणि घट्ट कुठे धरायचं, हे मात्र नीट ओळख. आजी आजारी असताना कुणीतरी ‘बाहेरचं आहे’ अशी कुजबुज सुरू केली होती. गावातल्या एका एकट्या म्हाताऱ्या बाईचं नावही निघालं. तिथं मी आवाज चढवला आणि पुन्हा चढवायची वेळ आली तर चढवीन. करणीच्या संशयावरून बाईला मारहाण, गावातून हाकलणं, प्रसंगी जीव घेणं, हे आपल्या पूर्व विदर्भात घडलेलं आहे. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षं खस्ता खाल्ल्या, त्याचा वटहुकूम 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांचा खून झाल्यानंतर निघाला आणि त्याच डिसेंबरात कायदा झाला. एखाद्यावर करणीचा आळ घेऊन त्याला छळणं हा त्यात गुन्हा आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र करणं, हाही गुन्हा आहे. धानाच्या बांधीत उतरणाऱ्या माणसांच्या जिल्ह्यात या कलमाला किती मोल आहे, ते तुला सांगायला नको. दाभोलकरांचं भांडण कुणाच्या हात जोडण्याशी नव्हतं, लुबाडणुकीशी होतं. कुणी दुःखात हात जोडले तर तू गप्प राहा. त्या दुःखावर कुणी दुकान मांडलं किंवा कुणा गरिबाचा बळी जायला लागला, तर मात्र गप्प बसू नकोस.

तुला आगरकर वाचायला दिले होते, ते अर्धवट ठेवले असशील. पुन्हा काढ. आपल्या वऱ्हाडात, अकोल्याला शिकलेला हा गरीब मुलगा पुढे ‘सुधारक’ काढतो, ईश्वराचं आणि परलोकाचं ओझं उतरवून नीतीचा विचार करतो, आणि पुण्यातले सनातनी तो जिवंत असतानाच त्याची प्रेतयात्रा काढतात. 17 जून 1895 ला ते गेले तेव्हा वयाची एकोणचाळीस वर्षंही पुरी झाली नव्हती. दमा होता. आपल्या अंत्यविधीचा खर्च बायकोवर पडू नये म्हणून थोडी रक्कम त्यांनी उशाशी बांधून ठेवली होती, असं त्यांच्याबद्दल सांगतात. मला त्यांच्या लेखांइतकीच ही पुरचुंडी मोठी वाटते. परलोक नाही म्हणणाऱ्या माणसानं मागे राहणाऱ्यांची अशी तजवीज करून ठेवली. केसरीत टिळकांनी त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला. दोघांमध्ये इतकं कडू भांडण झालेलं असूनही तो लिहिताना टिळक रडले, अशी आठवण सांगतात.

देव नसलेल्या घरात पोटचा मुलगा गेला तर काय होतं? नट श्रीराम लागूंचं उदाहरण माझ्या डोळ्यांसमोर असतं. परमेश्वराला आता रिटायर करा, असं ते उघड सांगत. त्यांचा मुलगा तन्वीर रेल्वेतून जाताना बाहेरून कुणीतरी भिरकावलेल्या दगडानं जखमी झाला आणि त्यातच गेला. दगड कुणी मारला, का मारला, याला काही अर्थ नाही. श्रद्धावान माणसाला निदान ‘त्याची इच्छा’ म्हणता येतं, लागूंना तेही म्हणता येत नव्हतं. आईबापांनी पुढे मुलाच्या नावानं रंगभूमीवरच्या माणसांचा सन्मान सुरू केला, 2004 पासून. त्यानं दुःख कमी झालं असेल असं मी म्हणत नाही. पण मुलाचं नाव दरवर्षी नव्यानं उच्चारायची एक जागा त्यांनी स्वतः उभी केली. श्राद्ध जे काम करतं, त्यातलं खरं काम हेच आहे. श्राद्ध सोडायचं असेल तर सोड, पण ते काम सोडू नकोस. देव न मानणाऱ्याला ही मेहनत स्वतः करावी लागते. मांडून दिलेली तिथी त्याला मिळत नाही.

आपल्या गावात दुसरी वाटही आहे आणि तू ती पाहिलेली आहेस. बौद्ध शेजाऱ्यांकडे मयत झालं की त्रिशरण-पंचशील म्हणतात, पुढे पुण्यानुमोदनाला लोक जमतात, गेलेल्या माणसाविषयी बोलतात. पिंड नाही, कावळा नाही. 1956 च्या ऑक्टोबरात नागपूरला बाबासाहेबांनी दीक्षा दिली. त्याच्या दोनच वर्षं आधी, 1954 साली, ते आपल्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले होते. त्यांचं ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मिळव आणि आत्मा व पुनर्जन्म यांवरची पानं सावकाश वाच. मला सगळंच पटतं असं नाही. पण आत्मा नाही असं मानूनही मरणाला सामोरं जाणारी माणसं आपल्या शिवारातच पिढ्यानपिढ्या राहताहेत, मग हा विचार परदेशी किंवा कोरडा आहे असं कुणी म्हटलं तर ऐकून घेऊ नकोस.

पुस्तकांबद्दल एक इशारा देतो, कारण तुझ्या वयात ही चूक पुष्कळ जण करतात. देव मानणाऱ्यांनी लिहिलेलं टाकून देऊ नकोस. तुकोबांची गाथा माझ्या उशाशी असते. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांची पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला, धंदा बुडाला. त्या माणसाचा विठ्ठल मला नाही भेटला, पण विठ्ठलाशी भांडताना त्याचा जो आवाज लागतो तो मी ओळखतो. इरावतीबाई कर्व्यांचं ‘युगान्त’ही वाच. त्यातला गांधारीवरचा लेख मी आजी गेल्यानंतर पुन्हा वाचला. सगळं गमावलेली म्हातारी माणसं अरण्यात बसलेली आहेत, मागचे हिशेब बोलून मोकळे करताहेत, आणि वणवा येतो आहे. इरावतीबाई कुणाला देव करत नाहीत, कुणाला स्वर्गात धाडत नाहीत. त्यामुळे ती माणसं जास्त जवळची वाटतात. आजी पोथीतून हीच कथा सांगायची, तेव्हा गांधारीपाशी येऊन थांबायची, डोळे पुसायची. इरावतीबाई आणि आजी या दोघी एकमेकींना समजल्या असत्या, असं मला वाटतं.

आणि गाणं. यावर मला जास्त लिहायचं आहे, कारण तू लिहिलंस की आता भजन ऐकताना तुला आपण खोटं वागतो असं वाटतं. असं वाटून घेऊ नकोस, बाळ. कुमार गंधर्व क्षयानं आजारी होऊन देवासला आले तेव्हा पंचविशीतही नव्हते. लहानपणापासून नावाजलेला गवई, आणि डॉक्टरांनी गाणं बंद केलेलं. काही वर्षं ते बिछान्यावर पडून होते. माळव्यातल्या बाया सणाला, लग्नाला, पेरणीला जे गात ते कानावर पडत होतं, नाथपंथी जोगी दारावरून गात जात होते. स्ट्रेप्टोमायसिन हे तेव्हाचं नवं औषध मिळालं आणि माणूस वाचला. एक फुप्फुस मात्र गेलं ते गेलंच. मग उरलेल्या श्वासात बसेल असं गाणं त्यांनी घडवलं, तुटक, झेपा घेणारं, मध्येच शांत होणारं. त्यातून कबीराची निर्गुणी भजनं आली. ती ऐक, सकाळी, घरात कुणी उठायच्या आत. त्यात शरीर टाकून जाण्याची गोष्ट पुन्हा पुन्हा येते आणि गाणाऱ्याला ती पाठांतरानं ठाऊक झालेली नाही. ऐकताना आत्मा आहे की नाही, हे ठरवून बसायची गरज मला कधी पडली नाही.

आजीला कुमार ठाऊक नव्हते. तिचं गाणं रोवणीचं होतं. पऱ्ह्यांच्या पेंड्या घेऊन बाया चिखलात ओळीनं उभ्या राहायच्या, एक पुढे म्हणायची आणि बाकीच्या उचलायच्या. पुढे म्हणणारी बहुतेकदा आजी असायची. त्या गाण्यांत देवही आहे, सासूही आहे, न येणारा भाऊही आहे, आणि कंबर मोडत असताना हात चालत राहावा अशी लयही आहे. ती गेली ती ऐन रोवणीत. बाया बांधीतून तशाच आल्या, पायांना चिखल, पदर खोचलेले. त्यांतल्या दोघी-तिघींनी अंगणात बसून तिचंच एक गाणं म्हटलं. भटजी थोडे अवघडले, मी त्यांना थांबायची विनंती केली. तेरवीला तू वहीत उतरवून घेत होतीस ती हीच गाणी. ते काम सोडू नकोस. म्हणणाऱ्या आता सगळ्या साठीच्या पुढे आहेत आणि रोवणीच्या चिखलात मोबाइलवरची गाणी वाजायला लागली आहेत. दिवाळीनंतर मंडईला आलीस की त्यांच्याकडे पुन्हा बस. शब्दांबरोबर चालही रेकॉर्ड करून ठेव.

आता ती दोन ओळींतली गोष्ट. रात्री येणाऱ्या त्या भीतीवर माझ्याकडे औषध नाही. जुना ग्रीक विचारवंत एपिक्युरस म्हणून गेला, की आपण असतो तेव्हा मरण नसतं आणि मरण येतं तेव्हा आपण नसतो. यात खोट काढता येत नाही, पण मध्यरात्री त्याचा मला कधी उपयोग झालेला नाही. उपयोग झाला तो एका पाहण्याचा. आजीसारखी भाविक बाई मी दुसरी पाहिली नाही. पांडुरंग आपल्याला न्यायला येणार याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. तरी शेवटच्या रात्री तिनं माझा हात सोडला नाही. मी पाणी आणायला उठलो तरी ती चाचपायची. तेव्हा मला कळलं, की श्रद्धा असो नसो, त्या वेळी माणसाला माणूस जवळ लागतो. म्हणून तुला सांगणं एवढंच, की मरणाविषयी वाचायच्या आधी मरणाऱ्यांजवळ बसायला शीक. पुण्यात तुमच्या बिल्डिंगमध्ये कुणी म्हातारं आजारी असेल तर जा, तोंडात चमचाभर पाणी घाल, पाय चेप. भीती जाणार नाही. पण ती फक्त तुझी एकटीची आहे असं वाटायचं थांबेल, आणि रात्री जाग आलीच तर सकाळी कुणाकडे जायचं आहे हे ठाऊक असेल.

शेवटचं माझ्याविषयी. माझं मरण माझं आहे, म्हणून त्याची व्यवस्था मी आताच लिहून ठेवतो आहे. देह नागपूरच्या मेडिकलला द्यायचा. डोळे मृत्यूनंतर सहा तासांच्या आत काढावे लागतात, म्हणून आधी फोन त्यासाठी करायचा, नातेवाइकांना नंतर. नागपूर शंभरावर किलोमीटर आहे, गाडीची सोय मी करून ठेवीन. अपघाती मरण आलं आणि शवविच्छेदन झालं तर देह घेत नाहीत. मग साधं दहन करा, आणि राख आपल्याच बांधीत टाका. तेरवी नको. गुरुदेव मंडळातल्या माझ्या मित्रांना खंजिरी घेऊन भजन म्हणायचं असेल तर म्हणू द्या, त्यांना अडवू नका, चहा द्या.

मी कितीही लिहून ठेवलं तरी जवळच्या नातेवाइकांनी संमती दिल्याशिवाय देहदान होत नाही. त्या दिवशी घरात दहा तोंडं दहा गोष्टी बोलतील, आणि तुझा मामेभाऊ मऊ आहे, तो लोकांपुढे टिकणार नाही. म्हणून साक्षीदार म्हणून त्याच्याबरोबर तुझीही सही हवी आहे. आजीच्या बाबतीत मी जे केलं तेच तुला माझ्या बाबतीत करायचं आहे, फक्त लोक या वेळी उलट्या बाजूला असतील. फॉर्म आणून ठेवला आहे. मंडईला येशील तेव्हा आधार कार्डाची प्रत आण, आणि ती गाण्यांची वहीही.

तुझा,
मामा