पोफळीत पुन्हा वजन उचलायचं, तर खर्च किती?

सुटलेला व्यायाम पुन्हा धरायची उभारी एखाद्या बऱ्या दिवशी येते. त्याच दिवशी माणूस चिपळूणला जातो आणि जिमचं वर्षाचं पॅकेज घेऊन येतो. ते पॅकेज वसूल करायचं असतं मात्र वाईट दिवसांत. रात्रपाळी करून अंग आंबलेलं असतं, बाहेर जुलैचा पाऊस कोसळत असतो आणि कशातच मन लागत नसतं. मनाच्या उभारीसाठी व्यायाम करणाऱ्याने पैसे अशा ठिकाणी घालावेत, जिथे ते वाईट दिवशीही कामाला येतील. पोफळीपुरतं माझं उत्तर स्पष्ट आहे: पहिले दोन महिने घरीच.

हिशेब मांडून बघा. चिपळूण इथून वीसएक किलोमीटर. एसटीचे एका बाजूचे चाळीसेक रुपये धरले आणि आठवड्याला तीन फेऱ्या धरल्या, तर महिन्याचे ९६० रुपये नुसते तिकिटात जातात. तालुक्याच्या गावी साध्या जिमची फी महिन्याला पाचशे ते हजाराच्या घरात असते, म्हणजे प्रवास फीच्या बरोबरीने किंवा वरचढच. महिलांना १७ मार्च २०२३पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यांचे ४८० होतील. मोटारसायकलने गेलात तरी पेट्रोलचा आकडा तिकिटाच्या आसपासच येतो. शिवाय जाण्यायेण्यात दीड तास मोडतो, तो वेगळाच. कोयनेच्या वीजगृहात पाळ्या करणाऱ्याला किंवा दोन वेळचा स्वयंपाक सांभाळणाऱ्या बाईला हा दीड तासच आधी महाग पडतो.

घरी किती लागतं? रबरी आवरणाचे पाच-पाच किलोचे दोन डंबेल साधारण तेराशे ते अठराशे रुपयांना मिळतात. ताणायचा रबरी पट्टा तीनशे ते सातशे. झाला संसार. किलोमागे याहून स्वस्त म्हणजे सिमेंट भरलेल्या प्लास्टिकच्या थाळ्यांचा वीस किलोचा संच. किंमत डंबेलांच्या जोडीइतकीच आणि वजन दुप्पट, पण थाळी आपटली की तडकते. उघडं लोखंड इथे घेऊ नका. चार महिन्यांच्या ओलीत ते गंजतं. घ्यायचंच असेल तर वापरून झाल्यावर पुसून खोबरेल तेलाचा हात फिरवावा लागेल. चिपळुणात कोणी जिमचं सामान विकायला काढलं असेल तर जुनं बिनधास्त घ्या, वजन काही शिळं होत नाही. आणि खिशात काहीच नसेल, तर पाच लिटरचा तेलाचा कॅन पाण्याने भरला की झालं पाच किलोचं वजन.

एवढ्याशाने मनाला काय फरक पडणार, ही शंका रास्त आहे. २०१८मध्ये ‘जामा सायकिअॅट्री’ या नियतकालिकात ३३ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला होता. १,८७७ जणांच्या त्या माहितीत वजनाच्या व्यायामाने नैराश्याची लक्षणं कमी झालेली दिसली. मला त्यातली सगळ्यात दिलासा देणारी गोष्ट वेगळीच वाटते: ताकद किती वाढली आणि व्यायाम एकूण किती सांगितला होता, याच्याशी त्या फायद्याचा संबंध आढळला नाही. म्हणजे थोडा व्यायामही मोलाचा. जागतिक आरोग्य संघटनाही स्नायूंचा व्यायाम आठवड्यातून किमान दोनच दिवस सांगते.

तेव्हा दोन दिवस, वीस-पंचवीस मिनिटं. बैठका, पायरीवर हात टेकून जोर, वाकून डंबेल पोटाकडे ओढणं, दोन्ही हातांत वजन घेऊन पडवीत येरझाऱ्या. पूर्वी जेवढं उचलत होतात त्याच्या निम्म्याने सुरुवात करा. एकदा कमावलेली ताकद नव्याने कमावण्यापेक्षा लवकर परतते, त्यामुळे घाईची गरज नाही. अंग दोन-तीन दिवस दुखेल, ते चालतं. लघवी चहासारखी काळपट झाली तर मात्र तडक दवाखाना गाठा. बीपी, साखर किंवा हृदयाचा त्रास असेल तर सुरू करण्याआधी तपासून घ्या. सरकारी आरोग्य केंद्रात १५ ऑगस्ट २०२३पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत.

प्रोटीनच्या डब्यावर दोन-तीन हजार घालवू नका. साठ किलोच्या माणसाला दिवसाला पन्नास ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात. शंभर ग्रॅम कुळथात बावीसेक ग्रॅम, शेंगदाण्यांत पंचवीसेक, एका अंड्यात सहा, आणि बांगडा तर आपल्या ताटात आहेच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेही २०२४च्या आहारसूचनांत प्रोटीन पावडर टाळा असंच सांगितलं आहे.

दोन महिने नेम टिकला आणि सोबतीची, मशीनची ओढ वाटू लागली, तर जिम जरूर लावा. मित्रांच्या संगतीने टिकणारे लोक असतात, त्यांना ती फी सार्थकी लागते. फक्त आधी एक महिन्याचीच भरा. अर्ध्यावर सोडलं तर पैसे परत मिळतात का, पाळीमुळे न आलेले दिवस पुढे धरतात का, हे पावतीवर लिहून घ्या. जिमवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. ज्याची जीएसटी नोंदणी नाही त्याला तो लावताच येत नाही, म्हणून पावतीवर क्रमांक बघा. वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५वर तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क नाही.

एक खर्च शून्य आहे, तो टाळू नका. दोन आठवडे झोप उडालेली असेल, कशातच रस वाटत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर डंबेल बाजूला ठेवा आणि १४४१६ लावा. ही सरकारची ‘टेली-मानस’ सेवा आहे; ती मोफत असून चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं. डॉक्टरांची गोळी चालू असेल तर व्यायामाने बरं वाटू लागलं म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नका.