एका फाईलमधील सर्व्हर

एखाद्या शिक्षकाने शाळेच्या हजेरीसाठी संगणकाची आज्ञावली तयार केली, असे समजा. कार्यालयातील संगणक सर्व्हर म्हणून काम करतो. वर्गावर्गांतील संगणक व मोबाईल स्थानिक जाळ्यातून, इंटरनेट नसतानाही, ब्राउझरद्वारे त्याच्याकडे माहिती मागतात आणि नोंदवितात. ही व्यवस्था त्या शाळेत बिनचूक चालते. तीच आज्ञावली केंद्रातील इतर दहा शाळांना दिली की मात्र तक्रारी सुरू होतात. एका ठिकाणी पायथॉन बसवलेले नसते, दुसऱ्या ठिकाणी त्याची आवृत्ती जुनी असते, तिसऱ्या ठिकाणी एखादी लायब्ररी सापडत नाही.

याचे कारण असे की, सर्व्हरची आज्ञावली कधीच एकटी नसते. तिला ती भाषा चालविणारा इंटरप्रीटर लागतो, इतरांनी लिहिलेल्या लायब्ऱ्या लागतात, पडद्यावर दिसणारी पृष्ठे, चित्रे व फाँट लागतात. आज्ञावली लिहिणाऱ्याच्या संगणकावर हे सारे केव्हातरी बसवलेले असते आणि बहुधा त्याचा त्याला विसर पडलेला असतो. प्रवासाला निघालेला मनुष्य शिदोरी बरोबर घेतो, त्याप्रमाणे ही सर्व सामग्री एकाच चालत्या फाईलमध्ये बांधून देणे हा यावरील उपाय होय.

गूगलने 2009 मध्ये जाहीर केलेल्या गो भाषेत ही सोय मुळातच आहे. तिचा कंपायलर आवश्यक लायब्ऱ्या अंतिम फाईलमध्येच घालतो. फेब्रुवारी 2021 मधील 1.16 या आवृत्तीपासून पृष्ठे व चित्रेही त्याच फाईलमध्ये सामावता येतात. लिनक्स संगणकावर बसून विंडोजसाठी फाईल तयार करणेही तेथे शक्य आहे. पायथॉनमधील आज्ञावलीसाठी पायइन्स्टॉलर हे साधन वापरतात. ते इंटरप्रीटरसह सर्व काही एकत्र बांधते, परंतु विंडोजसाठीची फाईल विंडोजवरच तयार करावी लागते. कोणत्याही मार्गाने गेले तरी एका ऑपरेटिंग सिस्टीमसाठी बांधलेली फाईल दुसरीवर चालत नाही, हे ध्यानी ठेवावे.

पायइन्स्टॉलरच्या एकफाईल पद्धतीत एक गंभीर धोका आहे. फाईल सुरू होताच आतील सामग्री एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये उलगडली जाते, आणि आज्ञावली नीट बंद झाली की तो फोल्डर पुसला जातो. हजेरीचा माहितीसाठा चुकून त्याच फोल्डरमध्ये ठेवला गेला, तर दिवसभर सर्व काही सुरळीत दिसते. संध्याकाळी संगणक बंद होतो आणि दुसऱ्या दिवशी हजेरीपट कोरा असतो. कोठेही चूक झाल्याची सूचना येत नाही. म्हणून आज्ञावली फाईलच्या आत आणि नोंदी फाईलच्या बाहेर, ठरलेल्या कायम फोल्डरमध्ये, अशी विभागणी आरंभीच करावी लागते.

2007 मध्ये सुरू झालेल्या किविक्स प्रकल्पात ही विभागणी चांगली साधलेली आहे. किविक्स-सर्व्ह ही लहानशी आज्ञावली सर्व्हरचे काम करते. विकिपीडियाचा मजकूर मात्र झिम प्रकारच्या वेगळ्या फाईलमध्ये असतो. मराठी विकिपीडियाही या स्वरूपात मिळतो. मजकूर नवा आला तरी सर्व्हरला हात लावावा लागत नाही.

बांधून दिलेल्या फाईलची जबाबदारी बांधणाऱ्यावर राहते, ही बाब पुष्कळदा दुर्लक्षित होते. डिसेंबर 2021 मध्ये जावा आज्ञावल्यांत नोंदी ठेवणाऱ्या लॉगफोरजे या लायब्ररीत असा दोष उघड झाला की, दूरची व्यक्ती सर्व्हरवर स्वतःच्या आज्ञा चालवू शकत होती. ही लायब्ररी अनेक ठिकाणी दुसऱ्या फाईलच्या पोटात दडलेली होती. त्यामुळे आपल्याकडे ती आहे की नाही, हेच व्यवस्थापकांना चटकन कळेना. लायब्ररी संगणकावर स्वतंत्र असेल तर ती एकदा सुधारून भागते. फाईलमध्ये बांधलेली असेल तर संपूर्ण फाईल नव्याने बांधून प्रत्येक शाळेला पुन्हा पाठवावी लागते. आतील घटकांची आवृत्तीसह यादी बरोबर देण्याचे महत्त्व यातून अधिक ठळक झाले. भारतात सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने अशा याद्यांविषयी 2024 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या.

वाटपाच्या वेळी फाईलची एसएचए-256 ही ओळखसंख्या वेगळ्या मार्गाने कळवावी. मिळालेल्या फाईलची संख्या जुळली नाही तर ती चालवू नये. विंडोजवर प्रथम सुरू करताना फायरवॉल परवानगी विचारते. ती केवळ खाजगी जाळ्यापुरती द्यावी. नाकारल्यास सर्व्हर त्याच संगणकावर दिसतो, इतरांना दिसत नाही, आणि दोष फाईलचा समजला जातो.

चाचणीसाठी असा संगणक घ्यावा, ज्यावर पायथॉन वा तत्सम काहीही बसवलेले नाही. इंटरनेट तोडून फाईल सुरू करावी, दुसऱ्या संगणकावरून दोनचार नोंदी कराव्यात, सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करावा आणि त्या नोंदी जागेवर आहेत का ते पाहावे. नंतर जुन्या फाईलच्या जागी नवी ठेवून हीच तपासणी पुन्हा करावी.