जुने तेल-इंजिन व जनित्र : पारख, दुरुस्ती आणि निगा

महाराष्ट्रातील विहीर-बागायतीच्या वाढीत डिझेलवर चालणाऱ्या तेल-इंजिनाचा वाटा मोठा आहे. साताऱ्याच्या कूपर कारखान्याची इंजिने, पुणे येथे १९४६ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑईल इंजिन्स या कंपनीची इंजिने, तसेच राजकोट येथील लहान कारखान्यांत तयार झालेली लिस्टर नमुन्याची इंजिने आपल्याकडील अनेक गावांत पोहोचली. पुढे गावोगाव वीज आली, मोटारी बसल्या आणि यांपैकी कित्येक इंजिने गोठ्याच्या कोपऱ्यात किंवा भंगाराच्या दुकानात जाऊन पडली. आता, ऐन फुलोऱ्यात किंवा चैत्र-वैशाखात वीज वेळेवर मिळाली नाही म्हणजे शेतकऱ्यास त्यांची आठवण होते. असे इंजिन व त्याच्या जोडीचे जनित्र स्वस्तात मिळत असेल, तर ते घ्यावे किंवा नाही, घेतल्यास चालू कसे करावे व त्यापासून कोणते धोके संभवतात, याची माहिती पुढे दिली आहे.

जुन्या इंजिनाचे गुण

ही इंजिने मंदगती असतात. इंग्लंडमधील डर्सली येथील लिस्टर कारखान्याचे सहा अश्वशक्तीचे एक सिलिंडरी इंजिन मिनिटास ६५० फेरे करते. त्याचा सिलिंडर सुमारे ११४ मिलिमीटर व्यासाचा असून दट्ट्याची धाव सुमारे १४० मिलिमीटर असते. याच धाटणीची इंजिने राजकोटला तयार झाली. किर्लोस्करचे पाच अश्वशक्तीचे ‘एव्ही-१’ इंजिन मात्र मिनिटास १,५०० फेरे करते. मंदगती इंजिनाचे ओतीव भाग जाड असतात, सुटे भाग थोडे असतात व ते उघडण्यास अवजड अवजारे लागत नाहीत. म्हणून वर्षानुवर्षे बंद पडलेले इंजिनदेखील, त्याचा मुख्य सांगाडा शाबूत असल्यास, पुन्हा कामास लावता येते.

खरेदीपूर्वीची पाहणी

नव्या रंगावर विसंबू नये. रंगाखाली तडे झाकलेले असू शकतात. सिलिंडर, त्याचे डोके आणि इंजिनाचे पाय स्वच्छ पुसून उजेडात न्याहाळावेत. तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतल्याने पाण्याच्या कप्प्यास चीर पडते. तिच्यावर पूर्वी केलेल्या वेल्डिंगची खूण दिसल्यास तो सौदा सोडून द्यावा.

फ्लायव्हीलवर लहान हातोडीने हलकेच ठोकावे. चांगल्या चाकाचा नाद घंटेसारखा स्वच्छ येतो. तडकलेल्या चाकाचा आवाज बद्द येतो. तडकलेले चाक फिरताना फुटल्यास जवळ उभ्या असलेल्या माणसाचा जीव जातो. असे चाक कोणत्याही किमतीस घेऊ नये.

नंतर डिकॉम्प्रेशनची दांडी उचलून चाक हाताने फिरवावे. ते सहज फिरले पाहिजे. दांडी खाली सोडून चाक दाबाच्या दिशेने सावकाश ढकलल्यास ते स्प्रिंगप्रमाणे मागे उसळले पाहिजे. उसळी येत नसेल, तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत किंवा रिंगा झिजल्या आहेत, असे समजावे. हे दोष दुरुस्त होण्याजोगे आहेत, परंतु त्यांचा खर्च किमतीतून वजा झाला पाहिजे.

चेंबरमधील तेल काचेच्या बाटलीत काढून पाहावे. ते दुधासारखे पांढुरके असल्यास त्यात पाणी मिसळले आहे. पातळ होऊन डिझेलचा वास येत असल्यास इंधन गळत आहे. तळाशी चकाकणारे धातूचे कण सापडल्यास बेअरिंग झिजत आहे. शेवटी मूळ कारखान्याची नावपट्टी पाहावी. तिच्यावरील क्रमांक, अश्वशक्ती व फेरे टिपून घेऊन त्या नमुन्याचे सुटे भाग जवळच्या बाजारात मिळतात किंवा कसे, याची चौकशी पैसे देण्यापूर्वीच करावी.

अडकलेला दट्ट्या सोडविणे

बरीच वर्षे बंद असलेल्या इंजिनाचा दट्ट्या गंजाने सिलिंडरला धरून बसतो. अशा वेळी चाकाला पहारीने जोर लावू नये. त्याने कनेक्टिंग रॉड वाकतो. डोके काढून दट्ट्यावर डिझेल व पातळ तेल यांचे मिश्रण ओतावे आणि चार-आठ दिवस मुरू द्यावे. मधून मधून चाक पुढे-मागे थोडे हलवावे. तरीही न सुटल्यास दट्ट्यावर जाड लाकडी ठोकळा ठेवून त्यावर बेताने ठोकावे. दट्ट्याच्या डोक्यावर लोखंडी घण मारणे कटाक्षाने टाळावे.

झीज मोजण्याची सोपी रीत

इंजिन उघडताना प्रत्येक भागावर खूण करावी व नट-बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत ठेवावेत. सर्व भाग डिझेलने धुवावेत. लहान ओतशाळांतून आलेल्या इंजिनांच्या चेंबरमध्ये साच्याची वाळू चिकटून राहिलेली असते. ती खरवडून पूर्ण काढावी, कारण हीच वाळू तेलाबरोबर बेअरिंगमध्ये जाऊन त्यांचा नाश करते.

सिलिंडरची झीज महागड्या उपकरणाशिवाय अजमावता येते. एक रिंग दट्ट्यावरून काढून सिलिंडरच्या अगदी खालच्या, न झिजलेल्या भागात सरळ बसवावी व तिच्या दोन टोकांमधील फट फीलर गेजने मोजावी. मग तीच रिंग वर, जेथे पहिल्या रिंगेची धाव संपते तेथे, बसवून पुन्हा फट मोजावी. दोन्ही फटींतील फरकास ३·१४ ने भागले असता व्यासात झालेली झीज मिळते. उदाहरणार्थ, खाली फट ०·५ मिलिमीटर व वर १·४ मिलिमीटर आढळल्यास फरक ०·९ मिलिमीटर, म्हणून झीज सुमारे ०·२९ मिलिमीटर झाली. एवढ्या झिजलेल्या सिलिंडरात नुसत्या नव्या रिंगा घालून भागणार नाही. लाइनर बदलावा लागेल किंवा लेथवर सिलिंडर कापून मोठ्या मापाचा दट्ट्या बसवावा लागेल. हा हिशेब हाती असल्यास मिस्त्रीशी बोलताना शेतकरी फसत नाही.

इंधन, तेल व पाणी

टाकी व नळ्या धुऊन इंधन-गाळणी नवी घालावी. इंजेक्टर तालुक्याच्या ठिकाणी तपासणी-पंप असलेल्या दुकानातून तपासून घ्यावा. फवारा धुक्यासारखा बारीक असला पाहिजे. थेंब टपकू लागले की काळा धूर येतो व डिझेल वाया जाते. फवाऱ्यापुढे हात कधीही धरू नये. तो कातडी भेदून शरीरात शिरतो. वरून जखम टाचणीएवढी दिसली, तरी अशा माणसास ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

इंधन सुटण्याची वेळ कारखान्याच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावी. लिस्टर नमुन्याच्या सहा अश्वशक्तीच्या इंजिनात दट्ट्या माथ्यावर येण्यापूर्वी सुमारे २० अंशांवर इंधन सुटते. ६० सेंटिमीटर व्यासाच्या चाकाचा परीघ १८८·५ सेंटिमीटर भरतो. म्हणून त्याच्या कडेवर २० अंश म्हणजे सुमारे साडेदहा सेंटिमीटर होतात. माथ्याच्या खुणेपासून तेवढ्या अंतरावर खडूने रेघ ओढल्यास वेळ तपासणे सोपे जाते.

पाण्याच्या कप्प्यात कठीण पाण्याचा खर साचतो. तो तारेने खरवडून व धुण्याच्या सोड्याच्या गरम द्रावणाने धुऊन काढावा. पुष्कळ ठिकाणी पंपाचे थंड पाणीच इंजिनातून सोडून देण्याची चाल आहे. इंजिन हातास थंड लागले म्हणजे ते सुखात आहे, अशी समजूत असते. परंतु ती बरोबर नाही. फार थंड सिलिंडरात इंधन पूर्ण जळत नाही व आम्लयुक्त ओल धरून सिलिंडर लवकर झिजतो. सुमारे २०० लिटरचे पिंप इंजिनापेक्षा उंच ठेवून वरच्या व खालच्या नळ्यांनी जोडल्यास गरम पाणी आपोआप वर चढते व गार पाणी खाली येते. बाहेर पडणारे पाणी ६० ते ७० अंश सेल्सिअस राहील, असे पाहावे.

पहिल्यांदा सुरू करताना

इंजिन काँक्रीटच्या पक्क्या पायावर समपातळीत बसवावे. हँडल मारताना अंगठा बोटांच्या बाजूसच ठेवावा. मूठ आवळून धरल्यास उलट झटक्याने मनगट मोडते. धोतराचा सोगा, साडीचा पदर, उपरणे किंवा सैल बाही चाकाजवळ नेऊ नये. चाकाच्या चावीचे टोक बाहेर आलेले असल्यास त्यावर पत्र्याचे आच्छादन बसवावे.

गव्हर्नर अडकल्यास किंवा चेंबरमध्ये तेल प्रमाणाबाहेर भरल्यास इंजिन बेफाम धावू लागते. यासाठी हवेच्या तोंडावर बसेल अशी जाड लाकडी फळी आधीच हाताशी ठेवावी. इंधन बंद करूनही वेग न उतरल्यास फळीने हवा कोंडावी; हाताचा पंजा लावू नये, आणि चाकाच्या रेषेत उभे राहू नये. नव्या रिंगा घातल्यावर पहिले काही तास हलका भार द्यावा व नंतर तो वाढवीत न्यावा. त्यानंतर चेंबरमधील तेल बदलावे.

जनित्राची तयारी

जनित्राच्या गुंडाळ्यांत ओल धरलेली असते. ते एकदम फिरवून पाहू नये. प्रथम धूळ झाडून गुंडाळी उन्हात, किंवा पेटीत १०० वॅटचा दिवा लावून काही दिवस वाळवावी. चुलीजवळ तापवू नये. मग वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने इन्शुलेशन तपासून घ्यावे. ते एक मेगओमपेक्षा कमी आल्यास जनित्र वापरू नये. कड्या व ब्रश काचपेपरने साफ करावेत. एमरी कागदाचे कण वीजवाहक असल्याने तो टाळावा. बरीच वर्षे पडून राहिल्याने यंत्रातील उरलेले चुंबकत्व नाहीसे झाले असेल, तर वीज निर्माण होत नाही. अशा वेळी जाणकार वायरमन बॅटरीच्या साहाय्याने ते परत आणू शकतो.

चार ध्रुवांच्या जनित्रास ५० हर्ट्झसाठी मिनिटास १,५०० फेरे लागतात. ‘एव्ही-१’ सारखे इंजिन त्यास थेट जोडता येते. ६५० फेऱ्यांच्या इंजिनास पट्टा लागतो. ६० सेंटिमीटरच्या चाकास जनित्राची पुली हिशेबाने २६ सेंटिमीटर येते. पट्टा थोडा घसरतो हे धरून ती किंचित लहान घ्यावी. ओढीची बाजू खाली व सैल बाजू वर ठेवल्यास पट्ट्याची पकड वाढते.

सहा अश्वशक्ती म्हणजे सुमारे साडेचार किलोवॅट. पट्टा व जनित्र यांतील घट आणि थोडी राखीव शक्ती वजा जाता सुमारे तीन किलोवॅट वीज वापरावयास मिळते. दिवे, पंखे व एखाद्या अश्वशक्तीची मोटार यांस ती पुरते. परंतु मोटार थेट सुरू होताना तिच्या नेहमीच्या प्रवाहाच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते, म्हणून तीन अश्वशक्तीचा पंप यावर सुरू होईल अशी अपेक्षा करू नये. पाणी उपसणे हाच मुख्य हेतू असल्यास वीज करून मोटार चालविण्यापेक्षा पंप इंजिनासच जोडणे काटकसरीचे ठरते.

जिवाचे दोन धोके

पाणी खोल गेले की इंजिन विहिरीतील टप्प्यावर उतरविण्याची प्रथा काही भागांत होती. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो. त्यास रंग नाही, वास नाही. विहिरीत तो कोंडतो, खाली उतरलेला माणूस शुद्ध हरपतो, आणि त्यास काढावयास धावलेला भाऊ वा मुलगाही तेथेच पडतो. म्हणून इंजिन विहिरीत किंवा बंद खोलीत कधीही चालवू नये; धुराड्याची नळी उघड्यावर, वाऱ्याच्या दिशेने काढावी. विहिरीत कोणी बेशुद्ध पडल्यास इंजिन बंद करावे, अग्निशमन दल व रुग्णवाहिका बोलवावी आणि मोकळी हवा खाली पोहोचविल्याशिवाय दुसऱ्याने उतरू नये.

दुसरा धोका तारांवर काम करणाऱ्या लाइनमनला आहे. जनित्र घरच्या मीटरमागील तारांस तसेच जोडल्यास त्याची वीज उलट जाऊन रोहित्रातून हजारो व्होल्टची बनते व बंद समजून धरलेली तार जीव घेते. यासाठी दोन्ही पुरवठे एकाच वेळी जोडले जाऊ शकणार नाहीत असा चेंजओव्हर स्विच परवानाधारक वायरमनकडून बसवून घ्यावा, जनित्रास अर्थिंग द्यावे व वीज कंपनीच्या कार्यालयास तसे कळवावे.

खर्चाचा हिशेब

सुस्थितीतील सहा अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण भारावर तासास सुमारे १·३ ते १·४ लिटर डिझेल घेते. मोजमाप केलेल्या बाटलीतून अर्धा तास इंजिन चालवून हे पडताळून पाहावे. खप याहून बराच अधिक असल्यास दुरुस्ती अपुरी आहे. एक लिटर डिझेलपासून साधारणपणे दोन ते अडीच युनिट वीज मिळते. त्या दिवसाच्या डिझेलच्या भावास या आकड्याने भागले की, ही वीज किती महाग पडते ते कळेल. रोजच्या ओलितासाठी वीजजोडणी किंवा २०१९ साली सुरू झालेल्या कुसुम योजनेतील सौर पंप यांच्याशी तुलना करूनच निर्णय घ्यावा. अडचणीच्या वेळी पीक, जनावरे व दूध वाचविणारे राखीव साधन म्हणून मात्र चांगले दुरुस्त केलेले जुने इंजिन आपली किंमत भरून देते.

इंजिनाच्या खोलीत एक वही ठेवावी व तीत चाललेले तास, घातलेले डिझेल, तेल बदलल्याची तारीख व केलेली दुरुस्ती टिपावी. काम नसले तरी महिन्यातून एकदा अर्धा तास इंजिन भारावर चालवावे. गरजेच्या वेळी ते पहिल्या हँडलला सुरू होण्याचा हाच खात्रीचा मार्ग आहे.