क्रूझवर सकाळी कुठे बसायचं?

क्रूझवर न्याहारी कुठे करायची, हे तिथे काय मिळतं यावरून ठरवू नका. बरोबर कोण आहे यावरून ठरवा. मे महिन्यात आमचं सगळं कुटुंब पुसदहून निघालं, नांदेडमार्गे हैदराबाद गाठलं, तिथून सिंगापूर, आणि सिंगापूरहून जहाजाने पेनांग आणि फुकेत. निघण्याआधी पासपोर्टच्या झेरॉक्सपासून पायातल्या चपलांपर्यंत सगळ्या गोष्टींवर सल्ले मिळाले. सकाळच्या खाण्याबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढला नाही. आणि आमच्या बाबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, जिवावर बेतण्याची वेळ आली ती नेमकी न्याहारीच्या वेळी. आता उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या ओळखीतली आणखी काही घरं असंच म्हाताऱ्या माणसांना घेऊन जायच्या तयारीत आहेत. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी जहाजाची रचना समजून घ्या. मोठ्या प्रवासी जहाजांवर तिकिटात धरलेली न्याहारी साधारण दोन ठिकाणी असते. एक वरच्या मजल्यावर, पोहण्याच्या तलावाजवळ: हा बुफे. मोठमोठ्या काचा, समोर समुद्र, हातात ताट घेऊन फिरायचं आणि जागा मिळेल तिथे बसायचं. दुसरं खालच्या मजल्यावरचं मुख्य भोजनगृह. तिथे टेबलाशी नेऊन बसवतात, हातात कार्ड देतात आणि माणूस येऊन वाढतो. आम्ही घरात त्यांना बुफे आणि पंगत असंच म्हणायला लागलो, आणि पुसदच्या मंगल कार्यालयात ज्याने दोन्ही पाहिलंय त्याला फरक वेगळा सांगायला नको. तिसरी सोय खोलीत न्याहारी मागवण्याची. रात्री दाराच्या मुठीला कार्ड अडकवून ठेवायचं, त्यावर पदार्थ आणि वेळ लिहायची. काही जहाजांवर चहा-ब्रेड-फळं एवढं फुकट असतं आणि गरम पदार्थांचे पैसे पडतात, काहींवर सगळ्यालाच पैसे. कार्डावरच ते छापलेलं असतं, वाचून घ्या. याशिवाय पैसे घेणारी उपाहारगृहं आणि कॉफीची दुकानं असतात. गळ्यातलं खोलीचं कार्ड दाखवलं की काम होतं, त्यामुळे पोरांना ते फुकटच वाटतं. हिशेब शेवटी येतो.

बहुतेक लोक सकाळी उठून सरळ वर बुफेला जातात. वर समुद्र दिसतो, पदार्थ शेकड्यांनी मांडलेले असतात, आणि "पैसे भरलेत तर सगळं बघू तरी" असं प्रत्येकाला वाटतं. आम्हीही गेलो. जहाज पेनांगला लागण्याची ती सकाळ होती. ज्या दिवशी जहाज बंदराला लागतं त्या दिवशी सगळ्यांनाच लवकर खाऊन उतरायचं असतं, म्हणजे हजारो माणसं एकाच तासात एकाच मजल्यावर. लिफ्टसमोरच वेळ गेला. वर आम्हा सगळ्यांना एकत्र टेबल नव्हतं. कोणी इथे, कोणी तिथे. बाबांना काचेजवळ एक रिकामी खुर्ची दिसली, म्हणून त्यांना तिथे बसवलं आणि आम्ही ताटं आणायला रांगेत उभे राहिलो.

बाबा मधुमेहाचे जुने रुग्ण. घरी ते उठले की गोळी घेतात आणि वीस मिनिटांत आई त्यांच्यापुढे पोहे नाहीतर भाकरी ठेवतात. हा क्रम इतक्या वर्षांचा की त्यात विचार करण्यासारखं काही उरलेलंच नाही. जहाजावरही त्यांनी खोलीतच गोळी घेतली. मग कपडे, मग लिफ्ट, मग जागा शोधणं, मग आमची रांग. मी ताट घेऊन परतले तेव्हा माझी जाऊ त्यांच्या शेजारी उभी होती आणि घाबरून मला हाक मारत होती. बाबांच्या कपाळावरून घाम निथळत होता, हात थरथरत होते, आणि ते जे बोलत होते त्याचा अर्थ लागत नव्हता. जावेने पोराच्या हातातला संत्र्याचा रस घेतला, चहाजवळच्या साखरेच्या पुड्या त्यात रिकाम्या केल्या आणि घोट-घोट पाजला. पंधरा-वीस मिनिटांनी त्यांनी स्वतःहून विचारलं, "पोरांनी खाल्लं का?" तेव्हा कुठे आमच्या जिवात जीव आला. मग त्यांना नीट जेवण दिलं आणि जहाजावरच्या डॉक्टरांकडे नेलं.

परत आल्यावर पुसदच्या आमच्या डॉक्टरांनी जे समजावलं ते प्रत्येक मधुमेहाच्या घराने लक्षात ठेवावं. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या शरीराला इन्सुलिन सोडायला लावतात. पोटात अन्न आलं नाही तरी त्या आपलं काम करतात आणि साखर खाली जाते. इन्सुलिनच्या सुईचंही तेच. नुसत्या मेटफॉर्मिनने असं सहसा होत नाही. म्हणजे आपल्या माणसाची गोळी नेमकी कोणती, हे प्रवासाआधी डॉक्टरांना विचारा, आणि न्याहारीआधीची गोळी असेल तर ती खोलीत घ्यायची की ताट समोर आल्यावर, हेही विचारून घ्या. आमच्या डॉक्टरांनी बाबांना "ताट समोर आल्यावर" असं सांगितलं. तुमचे डॉक्टर वेगळं सांगतील, ते ऐका. घाम, थरथर, बरळणं दिसलं तर तीन चमचे साखर किंवा तेवढा गोड रस, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, बरं वाटलं नसेल तर पुन्हा तेवढंच, आणि बरं वाटल्यावर पोटभर काहीतरी. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट डॉक्टर. ग्लुकोजची पुडी ताट आणणाऱ्याच्या नव्हे, रुग्णाच्याच खिशात हवी.

यात घड्याळाचाही भाग आहे. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. तिथे सकाळचे आठ वाजतात तेव्हा पुसदला साडेपाच. घरी साडेपाचला उठणारा म्हातारा माणूस तिथे बरोबर आठला जागा होतो, म्हणजे गर्दीच्या ऐन वेळेला. तरुण मंडळी तर आणखी उशिरा. म्हणून पहिल्या एक-दोन दिवसांत गजर लावून सातच्या आत उठवा. सकाळी उघडल्या उघडल्या गेलात तर तोच बुफे निवांत असतो.

त्या सकाळनंतर आम्ही बाबा आणि आईंना घेऊन रोज खाली पंगतीला बसलो. खालचं भोजनगृह मला त्यांच्यासाठी योग्य वाटलं त्याची कारणं अनेक आहेत, पण पहिलं हेच की तिथे माणूस एकदा बसला की बसला. ताट घेऊन डुलणाऱ्या जमिनीवर चालायला नको, गरम चहाचा कप सांभाळायला नको. दुसरं, जहाज हलतं ते मधोमध आणि खाली सगळ्यात कमी. वर आणि टोकांना जास्त. मलाक्काच्या सामुद्रधुनीत पाणी बहुधा शांत असतं, पण फुकेतच्या बाजूला अंदमानचा समुद्र मे महिन्यात मोसमी वाऱ्याने उसळायला लागतो. आपल्याकडच्या सुट्ट्या नेमक्या तेव्हाच. ज्याला एसटीच्या घाटातही मळमळतं, त्याने रिकाम्या पोटी वरच्या काचेशी जाऊन बसू नये. अ‍ॅव्होमिनसारखी गोळी मळमळ सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग नाही, आधी घ्यावी लागते. आणि तिने गुंगी येते, म्हणून म्हाताऱ्या माणसांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

आईंचा प्रश्न वेगळा होता. त्या अंडंही खात नाहीत. बुफेवर त्या ब्रेड आणि केळ्यापलीकडे जायलाच तयार नव्हत्या, आणि त्यांचं चुकत नव्हतं. पॅनकेक, वॉफल, मफिन यांत अंडं दिसत नाही पण बहुधा असतं. क्रोसाँला वरून अंड्याचा हात फिरवलेला असू शकतो. पांढरी, निरुपद्रवी दिसणारी तांदळाची पेज, जिला तिकडे काँजी म्हणतात, ती पुष्कळदा कोंबडीच्या किंवा माशाच्या पाण्यात शिजवतात. बीन्सच्या भांड्यात डुकराच्या मांसाचे तुकडे असू शकतात. शिवाय एका भांड्यातला चमचा दुसऱ्या भांड्यात टाकणारे लोक सगळ्याच देशांत आहेत. सिंगापूरहून सुटणाऱ्या जहाजांवर भारतीय प्रवासी पुष्कळ असल्याने इडली, सांबार, उपमा, पराठे यांची वेगळी मांडणी असते, आणि तरुण शाकाहारी माणसाला तेवढं पुरतं. पण ज्यांच्या मनाला शंका सहन होत नाही त्यांनी खालीच बसावं.

खाली आमच्या टेबलावर गोव्याचा एक मुलगा वाढायला होता. गोव्याकडची माणसं पिढ्यान् पिढ्या जहाजांवर नोकरी करत आली आहेत, त्यामुळे असा कोणी भेटला तर फार नवल नाही. आईंनी त्याच्याशी सरळ मराठीत बोलायला सुरुवात केली आणि तो कोकणी मिसळून उत्तरं देऊ लागला. त्यानेच सांगितलं की रात्रीच्या जेवणाला मुख्य वाढप्याला सांगून ठेवलं तर दुसऱ्या सकाळचं कांदा-लसूण नसलेलं, अंडं नसलेलं ताट वेगळं येतं. दुसऱ्या दिवशी आईंपुढे पराठा, दही आणि उकडलेले बटाटे आले. त्यांनी वरून सांबार मागितला आणि तो आमटीची वाटी घेऊन आला! आपल्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे त्या बिचाऱ्याला कुठून कळणार. अशी गरज असेल तर खरं म्हणजे तिकीट काढतानाच लिहून द्या; पुष्कळ कंपन्या काही आठवडे आधी कळवा म्हणतात. आणि घरचे लाडू, दशम्या, चिवडा बरोबर घेऊन जाण्याचा विचार असेल तर जहाजाचे नियम आधी वाचा. घरी केलेलं अन्न बहुतेक जहाजांवर चालत नाही, कंपनीची सीलबंद पाकिटं चालतात. विजेची किटली आणि गरम करायची कॉइल तर आगीच्या भीतीने काढूनच घेतात. उपवास धरणाऱ्यांनी राजगिऱ्याच्या वड्यांची सीलबंद पाकिटं ठेवावीत. साबुदाण्याची आशा करू नये.

खालच्या पंगतीची एक अडचण आहे, ती म्हणजे वेळ. ती उशिरा उघडते आणि लवकर मिटते. फुकेतच्या सकाळी माझे दीर आणि जाऊ आरामात खाली उतरले तर दार बंद. त्यांच्या फोनवर अजून तासभर शिल्लक होता. थायलंडचं घड्याळ सिंगापूर-मलेशियाच्या एक तास मागे. किनारा जवळ येताच फोनने थायलंडची वेळ धरली होती, आणि जहाजाने सिंगापूरचीच कायम ठेवली होती. काही जहाजं बंदराप्रमाणे वेळ बदलतात, काही बदलत नाहीत. रोज रात्री खोलीत येणाऱ्या पत्रकावर किंवा जहाजाच्या अ‍ॅपवर ते लिहिलेलं असतं. बाबांचं साधं मनगटी घड्याळ त्या दिवशी सगळ्यात खात्रीचं ठरलं.

फुकेतला मोठी जहाजं पुष्कळदा पातोंगसमोर नांगर टाकून उभी राहतात आणि लहान बोटींनी किनाऱ्यावर नेतात. ही लहान बोट जहाजापेक्षा कितीतरी जास्त हलते. त्या सकाळी भरपेट खाऊन लगेच बोटीत बसू नये आणि उपाशीही बसू नये. अशा दिवशी मला खोलीतली न्याहारी सगळ्यात बरी वाटते: आदल्या रात्री कार्ड लटकवायचं, सकाळी चहा, ब्रेड, दही, केळं. पेनांगला मात्र तरुण जोडप्यांनी जहाजावर नावापुरतं खावं. जहाज जॉर्ज टाउनच्या धक्क्यालाच लागतं, आणि २००८ पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेल्या त्या जुन्या शहरातलं लिटल इंडिया तिथून फार लांब नाही. तिथल्या तमिळ खाणावळीत गरम डोसा आणि कॉफी घेतल्यावर माझ्या नवऱ्याने जहाजावरची इडली पुन्हा मागितली नाही. फक्त बुफेवरची फळं किंवा सँडविच पिशवीत घालून उतरू नका, बंदरांवर त्याला मनाई असते.

पोरांना मी बुफे मोकळा ठेवला. त्यांना तेवढी मजा हवीच. पण एका अटीवर: हात साबणाने धुवायचे, ताट उचलण्याआधी आणि वाढून आल्यावर खाण्याआधीही, कारण चमच्याला शेकडो हात लागलेले असतात. दारात ठेवलेला सॅनिटायझर पुरेसा नाही. जहाजांवर जुलाब-उलट्यांची साथ पसरवणारा नोरोव्हायरस अल्कोहोलने नीट मरत नाही, साबण-पाण्याने धुऊन जातो. अमेरिकेने जहाजांच्या स्वच्छतेची तपासणी १९७५ पासून सुरू केली ती याच पोटाच्या साथींमुळे. कोमट झालेलं अंडं किंवा भात ताटात घेऊ नये. वाफ दिसते तेच घ्यावं.

शेवटच्या सकाळचं वेगळं सांगायला हवं. त्या दिवशी खोल्या लवकर रिकाम्या करायच्या असतात, खोलीत न्याहारी बहुधा देत नाहीत, आणि वर बॅगा घेऊन बसलेल्यांची गर्दी उसळते. म्हाताऱ्यांना घेऊन दार उघडायच्या वेळेलाच खाली जा. आणि मोठ्या बॅगा आदल्या रात्रीच खोलीबाहेर ठेवायला सांगतात, त्या थेट धक्क्यावरच मिळतात. औषधांचा डबा, साखर मोजायचं यंत्र, ग्लुकोजच्या पुड्या आणि चष्मा त्यात जाऊ देऊ नका. बाबांचा डबा त्या रात्री मी माझ्या पर्समध्ये घालून उशाशी ठेवला होता.